बटणसाठी चार पिशव्या

रक्तपेढीत त्याला सगळे फौजदार म्हणत. दिसायला तो फौजदाराच्या घरी दूध टाकणाऱ्यासारखा होता, पण रक्तदात्याची उलटतपासणी घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. फॉर्मवर तेहतीस प्रश्न होते. लोक एका दमात तेहतीस वेळा 'नाही'वर खुणा करून मोकळे होत. फौजदार तो फॉर्म बाजूला सारी आणि पहिल्यापासून तोंडी विचारी. कावीळ? गोंदण? तीन महिन्यांत हुडहुडी भरून ताप? एक गृहस्थ वैतागून म्हणाले होते, "रक्त घेताय की मुलगी देताय?"

"मुलगी देताना इतकं कोणी विचारत नाही," फौजदार म्हणाला, आणि पुढच्याच प्रश्नाला त्यांची अर्धवट बरी झालेली कावीळ त्याने बाहेर काढली.

मग त्याची मेहुणी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी नऊशे ग्रॅमची. नाकाकडे बघून मावशीने, म्हणजे फौजदाराच्या बायकोने, तिला बटण म्हटलं आणि तेच राहिलं. बटण काचेच्या पेटीत होती. तपासायला रोज थेंब थेंब काढून तिचं निम्मं रक्त प्रयोगशाळेतच राहायला गेलं होतं. आता बाहेरून भरणं आलं.

बाळाचा बाप, मामा आणि दोन काका बाह्या वर करून ओळीत उभे राहिले. बाळांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बसवलं. एवढ्या लहान जिवाला जवळच्या नात्यातलं रक्त शक्यतो देत नाहीत, ते उलटू शकतं. उरला फौजदार. अख्ख्या खानदानात गट जुळणारा आणि बटणशी रक्ताचं नातं नसलेला तो एकटाच.

"बारा वर्षांत जावई पहिल्यांदा कामाला आले," सासूबाई म्हणाल्या. त्या हे कौतुकाने म्हणाल्या होत्या, त्याला तरी तसं वाटलं.

पेढीत त्याच्या खुर्चीवर ताई होत्या. पेढीतल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी फॉर्म पुढे केला आणि हसल्या. "तुला काय विचारू रे? पेपर काढणाऱ्याचीच परीक्षा?"

"द्या इकडे," फौजदार म्हणाला. त्याने पेन टेकवलं आणि वरून खालपर्यंत एकच सरळ रेघ ओढली. तेहतीस वेळा नाही. वरच्या मजल्यावर बटण वाट बघत होती.

त्याची पिशवी चार छोट्या पिशव्यांत वाटली गेली. दर खेपेला नवा माणूस नको, एकाचंच रक्त पुरवून पुरवून वापरायचं, म्हणजे धोका कमी. ही पद्धत पेढीत त्यानेच हट्टाने सुरू केली होती.

तिसरी पिशवी गेल्यावर आठवड्याने बटणला ताप भरला. पोट फुगलं, अंग पिवळं पडलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावून घेतलं.

"मलेरिया निघालाय. आईचं रक्त स्वच्छ आहे. त्या खोलीत माशी शिरायची तर तिलाही हात धुवावे लागतात, डास कुठून येणार? तुमच्या पिशव्यांखेरीज दोनदा दुसऱ्या कोणाच्या रक्तातल्या प्लेटलेटही तिला दिल्यात. त्यांतला दाता शोधा."

"शोधतो," फौजदार म्हणाला. जिना उतरता उतरता तो मनातल्या मनात त्या दात्याला प्रश्न विचारू लागला. सवयच ती. एकविसाव्या प्रश्नाला तो पायरीवर थांबला.

दोन महिन्यांपूर्वी तो भावाकडे गेला होता, धरणाच्या कामावर. परतायच्या आदल्या रात्री हुडहुडी भरली होती. तिथल्या कंपाउंडरने तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. एका दिवसात बरं वाटलं, बाकीच्या बॅगेच्या कप्प्यात राहिल्या. प्रवासाचा शीण, असं त्याने बायकोला सांगितलं होतं आणि स्वतःलाही. पेढीतल्या तपासणीत काही उमटलं नव्हतं. जंतू थोडे असले की उमटत नाहीत. म्हणून तर तो प्रश्न छापलेला होता.

त्याने स्वतःचं बोट टोचलं, काचेवर थेंब पसरला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पाऊण तास तो हलला नाही. मग एक सापडला. शेजारी दुसरा.

"ताई, चौथी पिशवी फ्रीजमधून काढा," तो म्हणाला. "दाता मी आहे."

ताईंनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत. "मी विचारायला हवं होतं रे."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरच्यांना मी सांगते. तो नको म्हणाला. मेहुणी पेटीजवळच्या स्टुलावर बसली होती. त्याने ताप, गोळ्या, रेघ, सगळं क्रमाने सांगितलं, काही गाळलं नाही.

तिने शांतपणे ऐकलं. "म्हणजे कारण कळलं ना, भाऊजी? आता औषध देता येईल. बरं झालं तुम्ही होता, नाहीतर कोणी शोधलं असतं?"

"अगं, माझ्यामुळेच—"

"ते ऐकलं मी," ती म्हणाली. "बरी होईल ना ती, एवढं सांगा."

तो "हो" म्हणाला.

औषध त्याच दुपारी सुरू झालं. जंतू कमीही होत गेले; डॉक्टरीणबाई आकडे सांगत आणि मेहुणी ते फोनवर सगळ्यांना कळवी. पण बटणकडे तेवढी ताकद शिल्लकच नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी, राउंडच्या आधी, ती गेली.

नळ्या काढल्यावर तिला दुपट्यात गुंडाळून बाहेर आणलं. आजवर तिला कोणी मांडीवर घेतलं नव्हतं, काचेतूनच ओळख. बापाने घेतलं, मग आजीने, मावशीने. फौजदार भिंतीला लागून उभा होता, हात पाठीमागे. मेहुणी उठून त्याच्यासमोर आली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, बाळाकडेच पाहत होती.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्हीच राहिलात."

त्याने हात पुढे केले. तिने दुपटं त्याच्या हातांवर ठेवलं, पण आपला एक हात बाळाच्या डोक्याखालून काढला नाही. ती हात काढायची वाट बघत फौजदार उभा राहिला. ती काढत नव्हती.