पांढरी गाडी

दातिवऱ्याच्या जमना तामोरेला बोईसरच्या बाजारात सगळे मावशी म्हणायचे. गावातल्या चारपाच बायका मिळून छोटा हत्ती टेम्पो भाड्याने करायच्या आणि बर्फात घातलेली मासळी घेऊन सकाळीच बोईसर गाठायच्या. दातिवऱ्यापासून बोईसर लांब, पण तिथे कारखान्यांतले कामगार, कॉलन्यांतली बिऱ्हाडं, त्यामुळे माल दुपारपर्यंत उठायचा. हिंदी बोलणाऱ्या बायकांशी जमना तिच्या हिंदीत बोलायची. त्या हिंदीला त्या बायका हसायच्या आणि मासळी तिच्याकडूनच घ्यायच्या.

तिची मुलगी दिशा बोईसरलाच औषधांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होती. सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी झालेली. आठवडाभर ती बोईसरला हिना नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली करून राहायची आणि सुट्टीला आईबरोबर टेम्पोतून घरी जायची.

त्या वर्षी होळीनंतर 'जागं बोईसर' या फेसबुक ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुणाच्या तरी घरात लाइट गेले होते आणि फ्रिजमधून काढलेल्या मासळीवर अंधारात निळसर उजेड दिसत होता. ग्रुप चालवायचे कृष्णकांत सर. दहावीचे क्लास घेणारे, साठीचे गृहस्थ. अर्ध्या बोईसरची मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी व्हिडिओवर लिहिलं, "समुद्रात काहीतरी सोडलं गेलं आहे आणि ते आपल्यापासून लपवलं जात आहे. मी कुणावर आरोप करत नाही. फक्त प्रश्न विचारतोय." खाली बाजारातला एक फोटो टाकला. त्यात पाटीमागे बसलेली जमना होती, हातात पापलेट धरलेली, हसणारी.

तो फोटो का टाकला, हे सरांनी कधी सांगितलं नाही. बहुतेक त्यांना मासळीचा कुठलातरी फोटो हवा होता आणि तो हाताशी होता. पण दुसऱ्या दिवसापासून लोक जमनाला ओळखायला लागले. तिच्याकडे बोट दाखवून बायका पुढे जाऊ लागल्या.

दिशाने ग्रुपवर सविस्तर लिहिलं. समुद्रात काही जिवाणू असतात, ते मासळीच्या अंगावर असतात, थंडीत वाढतात आणि अंधारात चमकतात. त्याचा विषाशी किंवा किरणोत्साराशी काही संबंध नाही. शिवाय फोटोतल्या बाईची मासळी दातिवऱ्याच्या समुद्रातली आहे, आणि व्हिडिओतली मासळी तिच्याकडून घेतली याला पुरावा काय? तिने तीन शोधनिबंधही जोडले.

सगळ्यात आधी प्रफुल्लचं उत्तर आलं. हा प्रफुल्ल म्हणजे सरांचा जुना विद्यार्थी, आता मोबाइलचं दुकान चालवणारा. सरांच्या प्रत्येक पोस्टखाली पहिला तोच असायचा. त्याने दिशाचं प्रोफाइल उघडून ती कुठे कामाला आहे ते शोधलं आणि लिहिलं, "कंपनीची बाई कंपनीचंच बोलणार." मग रांग लागली. किती मिळतात? कोणी पाठवलं? सरांनी शेवटी सौम्यपणे लिहिलं, "ताई, तुम्ही इतक्या घाईने खुलासा करताय, यातच सगळं आलं." आणि तिला ग्रुपमधून काढून टाकलं.

पुढच्या रविवारी बाजारात दोन तरुण जमनाच्या पाटीपाशी आले. एकाच्या हातात मोबाइल होता, दुसऱ्याच्या हातात बाटली. जमनाला वाटलं गिऱ्हाईक. तिने फडकं बाजूला केलं आणि त्याने बाटलीतलं फिनेल सगळ्या मासळीवर ओतलं. कोळंबी, बोंबील, घोळीचे तुकडे, सगळ्यावर. जमनाने आधी हाताने ते पांढरं पाणी निपटायचा प्रयत्न केला, जणू वरचं काढलं तर खालची वाचेल. मग थांबली. लोक बघत होते. कुणी पुढे आलं नाही.

तो व्हिडिओ संध्याकाळी ग्रुपवर होता. ओतणारा प्रफुल्लच होता. त्याने तोंड लपवायचीही तसदी घेतली नव्हती. सरांनी लिहिलं, "हिंसेचं मी समर्थन करत नाही. मात्र जनतेचा उद्रेक समजून घ्यायला हवा." खाली हसणारे चेहरे, टाळ्या.

हिनाच्या फोनवर दिशाने तो व्हिडिओ पाहिला. आई हाताने फिनेल निपटते तिथे तिने तो थांबवला, मागे नेला, परत पाहिला. हिना म्हणाली, "पोलिसात जा." दिशा गेली. तिथल्या माणसाने अर्ज घेतला आणि समजुतीने मिटवून टाका असं सुचवलं.

जमना बोईसरला जायची बंद झाली. दिशा घरी गेली तेव्हा ती ओट्यावर बसून बोंबील वाळत घालायच्या काठीवरून उगाच हात फिरवत होती.

"आये, सफाळ्याला बस ना बाजारात," दिशा म्हणाली.

"तिथंबी फोन हाय लोकांकडं," जमना म्हणाली.

तिचा बाप रामा होडीचं जाळं सांधत होता. तो म्हणाला, "तू लय शिकलीस ना? मग त्यांना समजावून सांग."

"सांगितलं बाबा. कुणी ऐकलं नाय."

"मग दुसरं कायतरी सांग."

रामाने हे सहज म्हटलं होतं. पण दिशा त्यावर दोन दिवस विचार करत राहिली.

तिने नवं खातं उघडलं. नाव ठेवलं 'तारापूरचा नागरिक', फोटो उगवत्या सूर्याचा. ग्रुपमध्ये शिरली आणि बरेच दिवस नुसती सरांची स्तुती करत राहिली. "सर, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून." "सर, काळजी घ्या, सत्य बोलणाऱ्याला हे लोक सोडत नाहीत." लोक तिला भाऊ म्हणू लागले. प्रफुल्लने तर खासगीत नंबर मागितला. तिने लिहिलं, "सुरक्षेच्या कारणास्तव देऊ शकत नाही." त्यामुळे त्याचा विश्वास अजूनच वाढला.

मग एका सकाळी तिने एक फोटो टाकला. फोटो खरा होता. दोन वर्षांपूर्वी सरांच्या क्लासच्या गुणवंतांचा सत्कार झाला होता, त्याचा. सर हार घालून उभे होते आणि मागच्या फ्लेक्सवर खालच्या कोपऱ्यात एका रंगाच्या कारखान्याचं नाव होतं. कारखान्याने मुलांना दप्तरं दिली होती, एवढंच. तिने लिहिलं, "सरांबद्दल मला नितांत आदर आहे. पण सर रोज मासळीबद्दल लिहितात, कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नाल्याबद्दल एकदाही का लिहीत नाहीत? मी आरोप करत नाही. फक्त प्रश्न विचारतोय."

दुपारपर्यंत काहीच झालं नाही. दोघातिघांनी तिला शिव्या दिल्या. मग कुणीतरी लिहिलं, "प्रश्न मात्र बरोबर आहे." मग आणखी एकाने. संध्याकाळी सरांनी खुलासा लिहिला. दप्तरं किती होती, कुणाच्या ओळखीने मिळाली, सगळं. खुलासा लांबलचक होता आणि खरा होता. दिशाने त्याखाली एकच ओळ लिहिली, "सर, इतक्या घाईने खुलासा?"

त्या ओळीला मिळालेले अंगठे ती बघत बसली. हिनाने विचारलं, "काय झालं गं? हसतेस का?" दिशाला आपण हसतोय हे माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी तिने लिहिलं, "सरांच्या गल्लीत पांढरी गाडी येते, तिच्याबद्दल कोणी बोलेल का?" पांढरी गाडी नव्हतीच. ही एवढी एकच गोष्ट तिने मनाने रचली. पण आठवडा व्हायच्या आत ती गाडी लोकांना दिसायला लागली. एकाला ती क्लासच्या मागे दिसली, दुसऱ्याला पालघर रस्त्यावर. एकजण म्हणाला नंबर गुजरातचा होता. प्रफुल्लने लिहिलं की गाडीतून उतरणारा माणूस त्याने स्वतः पाहिला, हातात बॅग होती, आणि हे सांगताना त्याला फार यातना होत आहेत, कारण सर त्याला वडिलांसारखे.

पुढचं सगळं लोकांनीच जुळवलं. सर कंपनीचे. मासळीची अफवा कंपनीनेच उठवायला लावली, नाल्यावरून लक्ष उडावं म्हणून. मासळी चांगलीच होती. बिचारी ती मावशी. सरांनी पुरावा मागितला, तेव्हा त्यांच्याच जुन्या पोस्टमधली वाक्यं लोकांनी त्यांना परत वाचून दाखवली. आग असल्याशिवाय धूर निघत नाही. पुरावा कधी सापडू देतात का? सरांना त्यांच्याच ग्रुपमधून काढण्यात आलं. नवा चालक प्रफुल्ल.

मग पालकांनी मुलं काढायला सुरुवात केली. एके सकाळी सरांच्या दारात कुणीतरी नाल्यातलं काळं पाणी बादलीभर ओतून गेलं. त्याचा व्हिडिओ आला. सर धोतराचा सोगा खोचून खराट्याने पाणी लोटत होते, आणि ते उंबऱ्याकडे परत येत होतं. दिशाने तो व्हिडिओही थांबवून, मागे नेऊन पाहिला. तिला फक्त वाटलं, अजून थोडं.

कृष्णकांत सर दातिवऱ्याला आले तो दिवस शनिवार होता. सफाळ्याहून रिक्षा करून आले, विचारत विचारत घरापर्यंत. जमनाने त्यांना ओळखलं नाही. दिशाने ओळखलं.

"तुम्ही दिशा तामोरे ना?" ते ओट्याखालीच उभे राहिले. "त्या वेळी ग्रुपवर पुरावा मागणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. मला ते आठवतं."

"बसा," दिशा म्हणाली.

ते बसले. वाळले होते. "मी तुम्हाला काढलं, ते चुकलं. आता माझ्यावर आलंय. ती गाडी, ते पैसे, एक अक्षर खरं नाही. तुम्हाला शास्त्र कळतं. तुम्ही लिहा. तुम्ही माझ्याविरुद्ध होतात, तुमचं लोक ऐकतील." मग फोटोतली बाई ओळखून जमनाकडे वळले आणि म्हणाले, "आणि ताई, मी तुमच्याकडची मासळी घेतो. इथंच तळून खातो. त्याचा व्हिडिओ करू. तुमचंही नाव साफ होईल."

तेव्हा कुठे जमनाला कळलं हा माणूस कोण ते. ती उठली. आत पातेल्यात संध्याकाळसाठी ठेवलेले बोंबील होते. त्यावर तिने झाकण घातलं आणि दारात येऊन उभी राहिली.

"तुला नाय," ती म्हणाली.

"ताई, मी पैसे देतो."

"आमी आजवर कुणाला नाय म्हटलं नाय. दारूड्याला देतो, भांडणाऱ्याला देतो. तुला नाय." तिचा आवाज चढला नव्हता. "तू माजा फोटो का टाकलास? मी तुजं काय घेतलं होतं?"

सर म्हणाले, "मला खरंच वाटत होतं, ताई. मला खरंच काळजी वाटत होती लोकांची." आणि त्यांचे डोळे भरून आले.

ते खोटं बोलत नव्हते हे दिशाला दिसत होतं. तिला त्याने अजूनच राग आला. लबाड असता तर सोपं होतं.

"मी लिहिते," ती म्हणाली.

जमनाने लेकीकडे पाहिलं. सर उठून हात जोडायला लागले. दिशाने त्यांचे हात पाहिले न पाहिल्यासारखे केले.

तिने खरंच लिहिलं. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खात्यावर. गाडीचा पुरावा नाही. पैशांचा पुरावा नाही. दप्तरं मुलांना मिळाली, त्या मुलांची नावं ही. कृष्णकांत सरांनी कंपनीकडून काही घेतल्याचं कुठेही दिसत नाही. एकही शब्द खोटा नव्हता. इतकं नेमकं तिने मासळीबद्दलही लिहिलं नव्हतं. पोस्ट टाकायच्या आधी तिने ती पुन्हा वाचली, एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि बटण दाबलं.

प्रफुल्लने ती पोस्ट उचलून ग्रुपवर नेली. "लक्षात येतंय का मित्रांनो? ही तीच कंपनीची बाई. तेव्हा सरांशी भांडली, आता सरांची वकिली. दोघं आधीपासूनच मिळालेली होती. अजून कुणाला पुरावा पाहिजे?"

अजून कुणाला पाहिजे नव्हता. जे थोडे पालक अजून थांबले होते, त्यांनीही मुलं काढली. सरांचा तिला फोन आला. ते म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं, असं होणार."

"मी खरं तेच लिहिलं, सर," दिशा म्हणाली.

पावसाळ्याच्या तोंडाला सरांनी क्लासची जागा सोडली आणि ते वापीला मुलीकडे राहायला गेले.

जमना बोईसरच्या बाजारात पुन्हा बसायला लागली. पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस सुरू झाल्यामुळे ताजी कमी आणि सुकीच जास्त होती, तरी गिऱ्हाईक तुटून पडलं. मावशी, तुमच्यावर फार अन्याय झाला, असं म्हणत बायका दोन मापं जास्त घेत होत्या. त्या रविवारी दिशा आईशेजारी बसली होती. गर्दीतून प्रफुल्ल आला. जमनाने त्याच्याकडे वर पाहिलं आणि तिचा हात सुक्या कोळंबीच्या, सोड्यांच्या ढिगावर थांबला.

"मावशी, झालं गेलं विसरा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आम्हाला पण त्यांनी फसवलं. द्या पावशेर सोडे."

जमनाने वजन केलं, कागदात बांधलं, पैसे घेतले. प्रफुल्लने तिच्याबरोबर सेल्फी काढला. ती फोटोत हसली नाही, एवढंच.

परतताना टेम्पोत मागे त्या दोघीच होत्या. बाकीच्या बायका पुढे आणि मधल्या फळीवर पेंगत होत्या. केळव्याच्या पुढे वाडीतला गारवा लागला तेव्हा दिशाने आईला सगळं सांगितलं. सूर्याचा फोटो, फ्लेक्स, पांढरी गाडी, शेवटची पोस्ट. सांगताना ती थांबत होती. आई आता काहीतरी बोलेल, असं नको करायला हवं होतं म्हणेल, म्हाताऱ्या माणसाला घरातून उठवलंस म्हणेल, असं तिला वाटत होतं. तसं कुणीतरी म्हणावं असंही तिला कुठेतरी वाटत होतं.

जमनाने शेवटपर्यंत ऐकलं. मग रिकाम्या पाट्यांवर पाय ताणून बसली.

"म्हाताऱ्यानं नुसतं लिवलं," ती म्हणाली. "ओतलं त्या पोरानं. त्याचं काय?"

बाहेर सुरूची झाडं मागे पडत होती.

"त्याचं दुकान हाय ना फोनचं?" जमनाने विचारलं.

"हाय," दिशा म्हणाली.

"मग सांग, कसं करतेस ते."