कस्तुरेची एकदाणी

आमच्या घराण्यात सातवी पास झालेलं पहिलं माणूस म्हणजे माझी नात गोमती. पोरगा नव्हे, पोरगी. हे मी वाशीमच्या भाजीबाजारात इतक्यांदा सांगितलं की गिऱ्हाईक माझी वांगी सोडून पलीकडच्या टोपलीकडे जायला लागलं. जावो. वांगी रोज होतात, सातवी रोज होत नाही.

गोमती दोन वर्षांची असताना माझा मुलगा पटकीनं गेला. सून पाट लावून जऊळक्याला नांदायला गेली. तिला मी नावं ठेवली नाहीत, तरण्या बाईनं काय भिंतीशी बोलत बसावं? पण पोरीला मी ठेवून घेतलं. मळा मक्त्यानं कसायला घेतलेला, मालक दुसराच, घर दिराच्या नावावर, आणि माझे गुडघे असे की खाली बसले तर उठवायला माणूस लागावं. मी मेले की या पोरीला कोण विचारणार, हा एकच घोर मला होता. म्हणून तिला शाळेत घातली. मी स्वतः दुसरीच्या पुस्तकापर्यंत गेले आणि तिथून थेट बोहल्यावर चढले. सावकाश बोट लावलं तर मला वाचता येतं. घाई केली तर अक्षरं मुंग्यांसारखी पळतात.

त्या साली घेवरचंद शेठनं बापाच्या नावानं एक फंड काढला. बागाईत करणाऱ्यांच्या एका पोरीला दर साली अमरावतीला पाठवायचं, दोन वर्षं राहणं, खाणं, पुस्तकं सगळं फंडातून, आणि परत येताना ती मास्तरीण होऊन येणार. सरकारी पगाराची. शाळेतून दोन नावं गेली. एक गोमतीचं, दुसरं माझी धाकटी जाऊ कस्तुरा, तिची नात मथुरा हिचं. मार्क गोमतीचे जास्त. दोघी पोरी एका पाटीवर शिकल्या, एकीला काटा रुतला तर दुसरी लंगडायची, अशी त्यांची गत.

चैत्रात शेठकडून कागद आला. मी तेव्हा मळ्यात होते, हात चिखलात. कस्तुरेचा मुलगा, मथुरेचा बाप रंगराव कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो. तो बांधावरून चालला होता, त्याला हाक मारली.

त्यानं कागद वरून खाली पाहिला. म्हणाला, "मोठी माय, गुरुवारी मंडळी येऊन राह्यली. घर पाह्यतील, पोरीले पाह्यतील, मंग ठरवतील."

"बस? एवढा मोठा कागद अन् एवढंच?"

"बाकी नमस्कार-चमत्कार हाय."

मी कागद डब्यात ठेवला. घर पाहणार, पोरीला पाहणार. आता यात मला कोणी काय शिकवावं? चाळीस वर्षांत आमच्या आळीतल्या अकरा पोरी मी पाहुण्यांपुढे बसवल्या आणि अकराही उजवल्या. आमच्याकडची रीतच आहे, पाहुणे येणार म्हटलं की सारी आळी त्या घरात आपली भांडी नेऊन ठेवते, गळ्यातलं काढून देते. पाहुण्यालाही ठाऊक असतं, त्याच्या आळीतही हेच चालतं. त्यात कोणी खोटं धरत नाही. पोरीचा आब राखायचा असतो.

मी मागायच्या आधीच कस्तुरा दारात. डोक्यावर पितळी घंगाळ, त्यात गडवे, पेले, दोन समया. मागून मथुरा सतरंजी घेऊन.

"अवं, हे काय?" मी म्हटलं.

"काय म्हंजे? शेठ येऊन राह्यले तुमच्या घरी. जर्मनच्या गिलासात पाणी देता काय त्याहिले?"

"अन् तुह्या घरी येतील तव्हा?"

"माह्या मथुरेचे मार्क कमी हायेत, बाई. मले काय समजत नाही? एक पोट्टी गेली म्हंजे दोन्ही गेल्यासारख्याच." असं म्हणून तिनं गळ्यातली एकदाणी काढली. माहेरची, टपोऱ्या सोन्याच्या मण्यांची. लग्नापासून ती तिच्या गळ्यातून उतरलेली मी पाहिली नव्हती. स्वतःच्या हातानं तिनं ती माझ्या गळ्यात घातली आणि मागून फासा नीट केला. "तुमचा आब तो माहा आब," म्हणाली.

तीस वर्षं मी त्या बाईला घालून पाडून बोलले. तिच्या भाकरीला, तिच्या चालीला, तिच्या नवऱ्याच्या विडीला. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. मी तिला गूळ-पाणी दिलं. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण मी कोणाला उगीच गूळ देत नाही.

गुरुवारी घेवरचंद शेठ आले, सोबत पंजाबराव गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. मी सतरंजीवर लोड टाकले, समया लावल्या, पुरण केलं. शेठ बाहेर जेवत नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून त्यांच्यासाठी बदाम फोडून ठेवले. गोमतीला पाटावर बसवलं, मान खाली.

गुरुजी म्हणाले, "पोरी, वर पाह्य. व्याजाचं एक गणित सांगतो."

"सैपाकही येते तिले," मी मधे घातलं. "पुरणाची पोळी फुटत नाही तिच्या हातून."

"बरं, बरं," शेठ म्हणाले. "जमीन किती, सीताबाई?"

आता पोरगी दाखवताना जमीन कमी कोणी सांगतं का? मी म्हटलं, "सहा एकर मळा. इहिरीले बारमाही पाणी. माणसाले माणूस पुरत नाही कामाले."

शेठनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी माझ्या गळ्याकडे. दोघांनी एकेक बदाम तोंडात टाकला आणि उठले. मी मनात म्हटलं, पसंत पडली.

तिथून ते तीस पावलांवर कस्तुरेच्या घरी गेले. मी ओट्यावरून पाहत होते. कस्तुरा ठिगळाचं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी. घरात बसायला गोणपाट. पाणी दिलं ते मडक्यातून, नारळाच्या करटीनं. मला हसू आलं. म्हटलं, बिचारी! सारं माझ्याकडे देऊन बसली, पाहुण्याला द्यायला घरात गिलास नाही.

मी खरंच असं म्हटलं. बिचारी.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शुक्रवारी आमच्यात सोनं घराबाहेर जात नाही, म्हणून एकदाणी माझ्याकडेच होती. मी शेठच्या घरी भाजी घेऊन गेले. त्यांच्याकडे कांदा, मुळा चालत नाही, वीस वर्षं मी त्यांची टोपली वेगळी भरते. शेठाणी अंगुरीबाई दोडके निवडता निवडता म्हणाली, "तुमच्या मथुराचं झालं हो, सीताबाई. अमरावतीचं."

"मथुरेचं? चुकून राह्यल्या तुमी. गोमती म्हणा."

"मथुरा. गोमतीला कशाला? शेठ सांगत होते, काय ते घर, काय ती भांडी, बाईच्या गळ्यात ठसठशीत सोनं. अन् शेजारी सख्खी पुतणसून उपाशी." तिनं नातं चुकीचं लावलं, पण मी सुधारलं नाही. "गरिबाच्या पोरीसाठीच फंड आहे ना. कागदात लिहिलं होतं तुम्हाला."

मी टोपली तिथंच ठेवून घरी आले. डब्यातून कागद काढला, उन्हात धरला, बोट लावलं. किती वेळ गेला ठाऊक नाही. 'घरची गरिबी पाहण्यास मंडळी येतील.' ही एक ओळ. 'जे घर खाऊन-पिऊन सुखी दिसेल त्या घरच्या मुलीचा विचार होणार नाही.' ही दुसरी. रंगरावाच्या नजरेतून विंचू सुटला नसता, आणि या दोन ओळी सुटल्या?

तेव्हा मला सगळं दिसलं. कस्तुरेनं एक खोटा शब्द उच्चारला नव्हता. तिनं फक्त आपलं घर उचलून माझ्या घरात ठेवलं. एका दिवसात मी श्रीमंत आणि ती भिकारी, आणि दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या गुळाच्या खड्यावर.

मी तिच्या दारात भांडायला गेले नाही. दारातलं भांडण दारातच राहतं. शनिवारी गोमतीला हाताशी धरून शेठच्या पेढीवर गेले. गुरुजी तिथंच होते. गादीवर एकदाणी ठेवली आणि म्हटलं, "शेठजी, बोलवा कस्तुरेले."

कस्तुरा आली. मागे मथुरा, डोळे सुजलेले.

"हे सोनं माह्यं नाही," मी म्हटलं. "भांडी माह्यी नाहीत. मळा मक्त्याचा हाय. आमच्यात पोरगी पाह्याले आले की असंच करतात, म्हणून मी केलं. मले गरिबीचं कोणी वाचूनच दाखवलं नाही. ही एकदाणी हिची हाय. इचारा तिले."

 भर बाजारात मी गरीब आहे असं मी उभ्या जन्मात म्हटलं नव्हतं.

शेठ म्हणाले, "कस्तुराबाई, सच बोला. ही तुमची?"

कस्तुरेचा हात आपोआप गळ्याशी गेला. तिथं काळ्या पोतीशिवाय काही नव्हतं. आईनं दिलेलं सोनं समोर पडलेलं, आणि ती त्याच्याकडे पाहीना.

"नाही जी," ती म्हणाली. "मी कोठून आणू सोनं?"

मला वाटलं होतं, सोन्यापुढे ती वाकेल. नाही वाकली. मानलं तिला. मी म्हटलं, "ठीक हाय. माह्या नातीले इचारा. हे लेकरू खोटं बोलत नाही, गुरुजी साक्षीले हायेत. गोमते, सांग कोणाची हाय ते."

गोमतीनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं मथुरेकडे पाहिलं. कस्तुरेनं मथुरेचं मनगट पकडलेलं.

"आमचीच हाय जी," गोमती म्हणाली. "आजीचीच हाय."

 शेठ एकदाणी माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "घ्या, सीताबाई. वीस वर्षं तुमची भाजी मी तराजूत पुन्हा तोलून पाहिली नाही. तुमच्यावर इश्वास होता. दुसऱ्याच्या पोरीचा घास काढायले आले काय तुमी?"

गुरुजींनी पागोटं सारखं केलं आणि रस्त्याकडे पाहायला लागले.

मी सोनं उचललं. उचलावंच लागलं, सगळ्यांच्या मते ते माझंच होतं.  बाजार मागे टाकून नाल्याजवळ आल्यावर उभी राहिले.

"कायले?" मी विचारलं. "एवढंच सांग. कायले?"

"मथुरेचं धनजच्या बिजवरासंग ठरवलं हाय रंगरावकाकानं," गोमती म्हणाली. "त्याची पोरगी मथुरेएवढी हाय. फंड भेटला नसता तं वैशाखात लगन. मले तू हायेस, आजी. तू मले कोण्या म्हाताऱ्याच्या गळ्यात नाही बांधणार."

"तुले हे कव्हा समजलं?"

"बुधवारी."

"म्हंजे गुरुवारी पाटावर बसली तव्हा तुले..."

"कागद मी वाचला होता," ती म्हणाली. "डब्यातला."

मला खाली बसावंसं वाटलं, पण बसले असते तर उठवायला हीच लागली असती. म्हणून उभीच राहिले. ती पाटावर मान खाली घालून बसली होती ती लाजून नव्हे. गळ्यात परक्याचं सोनं घालून मी सहा एकर, सहा एकर करत होते, आणि ती सगळं ऐकत गप्प होती. मला नाचू दिलं तिनं.

"मले सांगतीस," मी म्हटलं. "मी काय मथुरेची वैरीण होती?"

"तू ऐकलं असतं काय, आजी?"

मी पदर खोचला आणि घराकडे चालायला लागले. 

दिवेलागणीच्या आधी कस्तुरा मागच्या दारानं आली. उंबऱ्याच्या आत पाय घातला नाही. "बाई," म्हणाली, "ते माह्यं..."

"तुह्यं काय?" मी म्हटलं. "नाव घे. मोठ्यानं घे, आळीले ऐकू जाऊ दे."

 शेजारची बाई भांडी घासत होती. नाव घेतलं असतं तर सकाळपर्यंत पेढीवर पोचलं असतं. कस्तुरा तशीच उभी राहिली, रिकाम्या गळ्यावर पदर घट्ट ओढून. मला अजून एक-दोन वाक्यं सुचली होती, चांगली धारेची. पण गोमती आतून आली, एकदाणी पदराखाली धरून, आणि तिच्या हातात दिली. मला विचारलं नाही. कस्तुरा माझ्याकडे न पाहता गेली.

गोमती चुलीपाशी बसली. "गुरुजी म्हणत होते, पुढल्या सालीही फंड निघन. मी पुन्हा अर्ज करतो."

"कोण्या तोंडानं?" मी म्हटलं. "आपुन तं सोन्यावाले लोक. तूच सांगितलं चार माणसांत."

तिच्या हातातली भाकर थापता थापता थांबली. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. सातवी पास, व्याजाची गणितं येतात, आणि हे लक्षात आलं नव्हतं. तिचं तोंड पाहून मला बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

कस्तुरा बोलून चालून जाऊ. तिनं दगा दिला तर मी वर्षभर शिव्या देईन आणि मोकळी होईन. पण हिला मी दोन वर्षांची असल्यापासून माझ्या ताटात जेवू घातलं, आणि हिनं माझं नाव बाजारात मांडून दुसरीचं भलं केलं. चांगलं काम केलं म्हणे. असेल. मग माझ्याच गळ्यावर पाय देऊन काहून केलं?

तिनं माझं ताट वाढायला घेतलं, तसं मी ते तिच्या हातून काढून घेतलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या एकटीचंच ताट वाढून घेतलं, आणि तिच्याकडे पाठ करून जेवले.