दहापैकी पाच

चौतिसाव्या वर्षी माणूस बाहेरच्या जगात तरुणच असतो. बँकेतली मुलगी मला अजून काका म्हणत नाही. आमच्या ड्रेसिंग रूममध्ये मात्र तीन वर्षांपासून मी सगळ्यांचा काका आहे, आणि हल्ली बायकोही चिडली की तेच म्हणते. मी फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळतो. म्हणजे खेळायचो. या मोसमात माझी जागा भोवऱ्याने घेतली आणि मी बाक उबवायला बसलो.

भोवरा वीस वर्षांचा. हे नाव त्याला मीच दिलं. चेंडू त्याच्याकडे यायच्या आत त्याची मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, पुन्हा डावीकडे फिरते. मागे कोण आहे, मोकळं कोण आहे, सगळं तो आधीच बघून ठेवतो. मधल्या फळीतल्या माणसाचं अर्धं काम मानेचं असतं. चेंडू पायात आल्यावर बघायला लागलात तर तुम्ही कामातून गेलात. मी मोजलं होतं, एका चेंडूमागे हा पोरगा चार वेळा मान वळवायचा. भरात असताना मी दोनदा वळवायचो. मला त्याचा हेवा वाटायचा. कौतुकही वाटायचं, पण आधी हेवा. खोटं कशाला बोलू?

मोसम सुरू व्हायच्या आधी आमच्या क्लबात एक परीक्षा असते. डॉक्टरबाई एकेकाला आपल्या खोलीत बोलावतात आणि दहा शब्द वाचून दाखवतात. खिडकी, साबण, पूल, दोरी, चिमणी आणि असेच आणखी पाच. मग म्हणतात, आठवतील तेवढे सांगा. आकडे उलटे म्हणायला लावतात, डोळे मिटून एका पायावर उभं करतात. जे काही गुण पडतील ते फाइलीत लिहून ठेवतात. पुढे कधी डोक्याला मार बसला की हीच परीक्षा पुन्हा. गुण पहिल्याइतके आले तर खेळा. घसरले तर निदान तीन आठवडे घरी.

आता खेळणाऱ्या माणसाला तीन आठवडे घरी बसणं म्हणजे काय ते डॉक्टरला कसं कळणार? तोवर दुसऱ्या कुणाचं तरी बूड तुमच्या जागेवर बसलेलं असतं. म्हणून आमच्यात एक रीत आहे. पहिल्या परीक्षेला ढ व्हायचं. दहाच्या दहा आठवत असले तरी पाचच सांगायचे. एका पायावर उभं राहताना मुद्दाम झोकांडी द्यायची. आधीच घसरलेले गुण आणखी काय घसरणार? मला हे माझ्या पहिल्या कर्णधाराने शिकवलं, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी शिकवलं. डॉक्टरबाईंच्या फाइली बघितल्या तर आमचा संघ म्हणजे गाढवांचा कळप, असं आम्ही म्हणायचो आणि खो खो हसायचो. भोवऱ्यालाही मीच शिकवलं. तो हुशार, पाच विसरणं त्याला जड गेलं, पण जमवलं त्याने.

मोसमाचे शेवटचे तीन सामने उरले असताना ते झालं. नाही, चुकलो, चार उरले होते आणि तो त्यातला पहिला. कोपऱ्यावरून उंच चेंडू आला, भोवरा आणि समोरचा बचावपटू एकदमच उडाले, आणि त्या धिप्पाड माणसाचं कपाळ भोवऱ्याच्या कानशिलावर आदळलं. आवाज बाकापर्यंत आला. तो पडला तसा मी उठलो आणि खाली वाकून बुटाची नाडी आवळू लागलो. पोरगा हलतोय की नाही हे बघायच्या आधी माझा हात नाडीवर गेला होता. मिनिटाभराने तो उठला, हात वर करून ठीक आहे म्हणाला आणि सामना संपेपर्यंत खेळला. मी नाडी पुन्हा सैल केली.

सोमवारी त्याची परीक्षा झाली. दहापैकी पाच. फाइलीतही पाच. डॉक्टरबाईंनी सही केली. बाहेर येऊन त्याने मला डोळा मारला आणि म्हणाला, "काका, गुरू असावा तर असा."

मंगळवारी सरावाला चेंडू त्याच्याकडे निघाला, त्याने डावीकडे मान वळवली आणि तो जागीच डुलला. जवळच्याच्या खांद्याला धरून उभा राहिला. त्यानंतर तासभर त्याने मान वळवलीच नाही. चेंडू आला की ज्याच्याकडून आला त्यालाच परत देत राहिला. प्रशिक्षक खूश, म्हणाले, आज पोरगा साधं खेळतोय. नंतर ड्रेसिंग रूममध्ये हा माझे बूट घालून बसला. माझा पाय त्याच्यापेक्षा दोन मापांनी मोठा. त्याने नाड्याही बांधल्या, आणि मी समोर उभा राहून बूट परत मागितले तोवर त्याला काही कळलं नाही. सगळे हसले. मीही हसलो, पण त्याच्या पायातल्या नाड्या मीच सोडल्या.

भोवरा त्याच्या ताईकडे राहतो. ती शहर बस चालवते. बुधवारी कामाची पाळी संपल्यावर ती गणवेशातच मैदानाच्या फाटकाशी आली आणि मला बाजूला घेऊन बोलली. घरी तो दिवसा पडदे ओढून बसतो, तुझी पाळी सकाळची का म्हणून एकाच दिवसात तीनदा विचारतो, दोनदा त्याने पाणी न घालताच किटली चालू केली. डॉक्टरांनी पास केलंय म्हणतो. तुम्ही त्याला रोज बघता, तो ठीक आहे ना, असं तिने मला सरळ विचारलं.

"होईल ठीक," मी म्हणालो.

ती हुश्श करून गेली. मला माझीच लाज वाटली. कारण पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर माणूस मैदानातून उठेलच असं नाही, हे डॉक्टरबाई दरवर्षी आम्हाला फळ्यावर चित्र काढून सांगतात, आणि आम्ही दरवर्षी मागच्या रांगेत जांभया देतो.

पण गोष्ट इतकी सोपी नव्हती. शनिवारच्या सामन्याला एका मोठ्या क्लबाचा माणूस येणार होता, खास भोवऱ्याला बघायला. असा माणूस दोनदा येत नाही. आणि भोवरा बाहेर बसला तर त्याच्या जागी कोण? मी. माझा करार या मोसमाबरोबर संपत होता आणि मॅनेजर म्हणाले होते, शेवटचे सामने खेळलास तर आणखी एक वर्ष बघू. मी तोंड उघडलं तर त्याचा घास जाणार होता आणि तो माझ्याच ताटात पडणार होता. इकडे आड, तिकडे विहीर.

गुरुवारी त्याला गाडीतळावर गाठलं. टोपी डोळ्यांवर ओढून तो भिंतीच्या सावलीत उभा होता. मी म्हणालो, तूच जाऊन सांग, अजून वेळ आहे. त्याने टोपी आणखी खाली ओढली.

"काका, तुमचा करार संपतोय ना?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"मग सरळ म्हणा की जागा हवी आहे. शिकवलंत तुम्ही, आणि आता चहाडीही तुम्हीच करणार?"

मला राग आला. त्याने चुकीच्या ठिकाणी बोट ठेवलं असतं तर इतका आला नसता.

घरी त्या आठवड्यात माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलणं चालू होतं, कारण मुलीला पोहण्याच्या वर्गावरून आणायला मी विसरलो होतो. बायकोने दाराला चिठ्ठी चिकटवली होती : किल्ली, फोन, मुलगी. तरी तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, तुला शनिवारी खेळायचंय म्हणून सांगणार आहेस का? मी म्हणालो, खेळायचं तर आहेच.

"मग? तुला खेळायचंय म्हणून खरं ते खोटं होतं का?" ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली.

शुक्रवारी सकाळी मी डॉक्टरबाईंच्या खोलीत गेलो आणि सगळं ओकून टाकलं. भोवऱ्याची मान, बूट, किटली. मग परीक्षेची रीतही. त्या ओरडल्या नाहीत. किती जणांना शिकवलंत, एवढंच विचारलं. सगळ्यांना, मी म्हणालो. त्यांनी कपाट उघडून तेवीस फाइली काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत बसल्या. मग प्रशिक्षकांना फोन लावला. भोवरा उद्या खेळणार नाही, आणि दुसरा जो कोणी खेळणार तो आधी खरी परीक्षा देणार.

"बसा," त्या मला म्हणाल्या. "तुमच्यापासूनच सुरुवात करू. आज सोंग नको."

मी ऐटीत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा ही परीक्षा मी मनापासून देणार होतो, आणि दहाच्या दहा सांगून बाईंना चकित करायचं मी ठरवलं होतं. त्यांनी नवी यादी वाचली. कुलूप, ढग, बटण... मी कान देऊन ऐकत होतो. त्या थांबल्या. मी कुलूप म्हणालो. ढग म्हणालो. बटण. मग पुढचे शब्द आहेत, फक्त जरा मागे उभे आहेत असं वाटलं. मी वाट बघितली. साबण, मी म्हणालो.

"साबण यात नाही," त्या हळूच म्हणाल्या. "परत वाचते."

परत वाचली. पुन्हा एकदा वाचली. तिसऱ्या वेळी चार आले. मी घाम पुसला आणि रात्री झोप झाली नाही म्हणून सांगितलं. त्यांनी महिने उलटे म्हणायला सांगितले. ऑगस्टपर्यंत आलो आणि ऑगस्टच्या आधी काय ते मला खिडकीबाहेर बघून आठवावं लागलं. डोळे मिटून एका पायावर उभा राहिलो तर झोकांडी आपोआप गेली. आजवर डोक्याला किती मार बसले, त्यांनी विचारलं. मी मोजले नव्हते. दर मोसमात मी पाच सांगत आलो, पाच मुद्दाम गाळत आलो, असं मला वाटत होतं. गाळायला माझ्याकडे ते वरचे पाच कधीपर्यंत होते, ते मला सांगता येईना. मी खूप घाबरलो. त्यांनी माझ्या फाइलीवर चार लिहिलं आणि मेंदूच्या तपासणीसाठी चिठ्ठी दिली. सामन्याचं आता विसरा, म्हणाल्या.

शनिवारी तरी मैदानावर गेलो. घरी बसवेना. प्रेक्षकांत वरच्या रांगेत भोवरा टोपी आणि काळा चष्मा लावून बसला होता, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर त्याची पिशवी. ताईने मला बघून मान वळवली. मोठ्या क्लबाचा माणूस चार रांगा खाली होता. अकरा जणांची नावं ऐकली तशी त्याने वही मिटली, आणि मध्यंतर व्हायच्या आत तो निघून गेला. भोवरा त्याच्या पाठीकडे बघत राहिला. मी खुर्च्यांच्या वाटेत उभाच होतो. जाऊन काय बोलणार होतो, देव जाणे.

मग त्याने मला बघितलं. आधी मला, आणि मग खाली मैदानाकडे, जिथे आमच्या जागेवर तिसराच कुणीतरी धावत होता.

"तुम्ही इथे कसे?" त्याने विचारलं. "खेळत का नाही?"

"माझी पण परीक्षा घेतली काल."

"किती आले?"

"चार."

त्याच्या चेहऱ्यावर जुनं हसू आलं, ड्रेसिंग रूममधलं. "काका, आता कशाला सोंग? आता तर खरे सांगायचे ना."

त्याने चष्मा काढला आणि उजेडात डोळे बारीक करून बराच वेळ माझ्याकडे बघितलं. हसू हळूहळू गेलं. त्याने पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि मी त्याच्या शेजारी बसलो.