तिसऱ्या मजल्यावरचा ठसका

मित्रांनो, पडून राहणं मला मुळीच मानवत नाही. मी भाता आहे, बकऱ्याच्या कातड्याचा, शिसवी फळ्यांचा, आणि आता चांगलाच म्हातारा. लोहाराच्या भट्टीवरचा नव्हे हं! माझा धंदा निराळा. उंच घरांच्या भिंतीतून वरपर्यंत धुराडं जातं ना, त्यात मी धूर भरायचो आणि तो वाटेत कुठे गळतो ते शोधायचो.

ग्वाल्हेरच्या दाना ओली नावाच्या गल्लीत एका कारागिराने मला शिवलं, तेव्हा संस्थान होतं. माझे मालक कान्होजी मिस्त्री. त्यांचे पूर्वज दख्खनेतून तलवारी घेऊन इकडे आले. कान्होजींच्या वाट्याला मी आलो. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. सरकारी इमारत खात्यात त्यांची पद्धत प्रसिद्ध होती. धुराड्याचं वरचं तोंड ओल्या गोणपाटाने बंद करायचं, मजल्यामजल्यावरची चुलीची भोकं मातीने लिंपायची आणि खाली डब्यात कडुलिंबाचा ओला पाला पेटवून त्यावर मूठभर लाल मिरच्या टाकायच्या. मग मी फुंकायला लागायचो. धुराडं घट्ट असलं तर माझा दांडा जड व्हायचा, दाबता दबायचा नाही. हलकाच राहिला, तर समजायचं की धूर कुठेतरी निसटतोय. नंतर कान्होजी एकेक मजला चढायचे. जिथे ठसका लागेल तिथे भिंत फुटकी. किती सोपं! काम झालं की माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, “शाबास रे पठ्ठ्या!” आणि तिळाचं तेल चोळायचे.

मग संस्थान विलीन झालं. मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं, कचेरीवरच्या पाट्या बदलल्या, साहेब बदलले, आणि माझं तेल त्या गडबडीत कुठे गेलं देव जाणे. कान्होजी म्हणायचे, “उद्या लावू.” अशी आठ वर्षं ‘उद्या’तच गेली. माझं कातडं वाळलं. मधल्या घडीवर चीर पडली. मला राग यायचा, का येऊ नये?

१९५६ साली मध्यभारतही मोडायचं ठरलं. एक नोव्हेंबरपासून मोठं मध्यप्रदेश राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार. सगळं ग्वाल्हेर बिस्तरे बांधत होतं. कान्होजींना हुकूम आला: एक तारखेला सकाळी भोपाळला हजर व्हा, नाहीतर यादीतून नाव कटेल. बावीस वर्षांची नोकरी होती ती.

आदल्या दिवशी दुपारची गाडी होती, आणि त्याच सकाळी पडाव भागातल्या नव्या चार मजली सरकारी क्वार्टरांची तपासणी राहिलेली. चारही मजल्यांच्या कोळशाच्या चुली एकाच धुराड्यात सोडलेल्या. आमच्याकडची थंडी तुम्हांला माहीत नाही, मित्रांनो. लोक खिडक्या गच्च लावून झोपतात. धुराड्याला भोक असेल तर कोळशाचा विषारी वायू खोलीत भरतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. कान्होजींनी असं एक घर पाहिलं होतं, म्हणून तर हे काम ते इतकं जीव लावून करायचे.

पण त्या दिवशी! ओव्हरसियर श्रीपादराव रजिस्टर घेऊन डोक्यावर उभे. “कान्होजी, जरा जल्दी करा हो. मला अजून फायली बांधायच्या आहेत.” कान्होजींनी मला दाबायला सुरुवात केली. दाबताहेत, दाबताहेत, आणि दांडा आपला हलका तो हलकाच! मी मनात ओरडत होतो, अहो, गळतंय, वर कुठेतरी गळतंय! कान्होजी थांबले. माझ्या चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “भाताच फुटलाय. बेकार झालाय हा.”

माझ्या जिवाची नुसती तगमग झाली.

तरी ते मला काखेत मारून मजले चढले. तिसऱ्यावर दुर्गाबाई नुकत्याच राहायला आल्या होत्या, एका कारकुनाची बायको, पाळण्यात चार महिन्यांचं बाळ. आत पाऊल टाकलं आणि कान्होजींना ठसका लागला. दुर्गाबाई चटकन म्हणाल्या, “अहो मिस्त्री, धुराडं नाही ते. आत्ताच मी बाळाची दृष्ट काढली, शेगडीत मिरच्या जाळल्या. इतकी सख्त नजर होती ना, कोणालाच ठसका नाही आला! आणि चूल कधी पेटवू? दिवाळी दोन दिवसांवर आली, चकल्यांचं पीठ भिजलंय माझं.”

“पेटवा, पेटवा,” कान्होजी म्हणाले, आणि श्रीपादरावांच्या रजिस्टरात सही केली. धुराडं ठीक.

स्टेशन तिथून पाच मिनिटांवर. फलाटावर त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई ट्रंकेवर बसल्या होत्या. श्रीपादरावही त्याच गाडीने निघाले होते, ते डब्यात जागा धरायला पुढे गेले. कान्होजी काही बसेनात. तीनदा पाणी प्यायले, चारदा उठले. “काय झालंय तुम्हांला?” बाईंनी विचारलं. “काही नाही. घसा खवखवतोय. त्या दुर्गाबाईंनी दृष्टीच्या मिरच्या जाळल्या होत्या. म्हणे नजर इतकी सख्त की ठसकाच आला नाही.”

सुलोचनाबाई ट्रंकेवरून उठल्या, हमालाने ती डोक्यावर घेतली. दृष्टीच्या मिरच्यांचा ठसका आला नाही तर नजर फार लागली होती, असं आपल्याकडे मानतात. म्हणजे त्या मिरच्या खोलीत मुळी झोंबल्याच नव्हत्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “तिच्या मिरच्यांनी कोणाला ठसका आला नाही, मग तुम्हांला कशाचा आला?”

गाडी समोर उभी होती. श्रीपादराव खिडकीतून हाका मारत होते, “चढा हो, चढा! नाव कटेल तुमचं!” कान्होजींनी मला उचललं. सुलोचनाबाईंनी हमालाच्या डोक्यावरून ट्रंक उतरवून घेतली. “कटू दे,” एवढंच बोलल्या आणि त्यांच्यामागे निघाल्या.

दुर्गाबाई कढईपुढे होत्या. “पुन्हा चूल विझवू? काय फालतू चालवलंय तुम्ही! तळण अर्धं राहिलंय माझं!” तोंडाचा पट्टा थांबेना. कान्होजींनी हात जोडले आणि एक वाटी तेल मागितलं. जिन्याखाली बसून माझ्या अंगभर चोळलं. सुलोचनाबाईंनी कणीक भिजवून चिंधी माझ्या चिरेवर घट्ट चिकटवली. आठ वर्षांनी मी पोटभर श्वास घेतला, मित्रांनो! आता माझ्यात खोट नव्हती. चुली विझल्या, भोकं पुन्हा लिंपली, आणि सुलोचनाबाईंनी पदर खोचून मला दाबायला घेतलं.

दांडा हलकाच.

वर कान्होजींनी निजायच्या खोलीतलं लाकडी कपाट सरकवलं. मागे बांधकामाच्या वेळी खोचलेल्या बल्लीचं, म्हणजे वाशाचं, भोक गवंड्याने बुजवलंच नव्हतं, नुसता कागद लावून वर चुना फासला होता. कागद फाटलेला. तिथून धुराची बारीक रेघ निघत होती ती थेट पाळण्यावर. हे मला पुढे सुलोचनाबाईंच्या बोलण्यातून कळलं. मी खाली होतो, मला फक्त एवढंच ऐकू आलं की दुर्गाबाईंचा आवाज मध्येच बंद पडला. मग त्या बाळाला छातीशी धरून जिना उतरल्या आणि पायरीवर बसून ढसाढसा रडल्या.

भोक विटांनी बुजेपर्यंत गाडी केव्हाच गेली होती. पुढे दहा दिवसांनी कागद आला, नाव खरंच कटलं. पण मला सांगायचं आहे ते एक तारखेचं. त्या दिवशी सकाळी कान्होजी ना ग्वाल्हेरचे नोकर होते ना भोपाळचे. मला मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, “तू खरं सांगत होतास रे, मीच तुला खोटं पाडलं.” त्यांचे डोळे भरले होते. मग एकदम ताडकन उठले. गेल्या आठवड्यात गोरखी वाड्यामागच्या तीन मजली इमारतीतही माझा दांडा हलका लागला होता! तिथेही त्यांनी मलाच बेकार ठरवलं होतं आणि सही केली होती.

आम्ही पोचलो तेव्हा तिन्ही मजल्यांवर फराळाचं तळण चालू होतं. पहिल्याच दारी एका बाईंनी विचारलं, “सरकारी माणूस आहात का?” कान्होजी म्हणाले, “कालपर्यंत होतो. चूल विझवा.” दार तोंडावर आपटलं. त्यांनी दुसरं ठोठावलं. मग तिसरं.

मित्रांनो, जुन्या वस्तूची निगा राखा, हे तर मी सांगणारच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. ऐन सणात कोणी घामाघूम माणूस तुमच्या दारात आला, त्याच्या हाती कागद नसला, शिक्का नसला, आणि तो चूल विझवा म्हणाला, तर त्याला बाहेर उभं ठेवू नका. आधी विझवा, मग हवं तेवढं भांडा.