बारा वाजताची नावं

आमच्या एकसष्ट नंबरच्या चॅनेलला चाळीस वर्षं झाली, तेव्हा त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लेखिका नव्हे. मी दारातल्या टेबलापाशी बसते, फोन घेते, आलेल्याला खुर्ची देते. पण चाळीस वर्षांत मालक तीन झाले, व्यवस्थापक अकरा झाले आणि टेबलामागची बाई तीच राहिली. तेव्हा इतिहास कुठे जाणार?

रोजची जपमाळ आणि दिवसभरात कुणाविषयी वाईट न बोलणं, अशी माझी दोन व्रतं आहेत. दुसरं पाळणं जड जातं. मात्र ते बोलण्याचं व्रत आहे. लिहिण्याबद्दल पाद्रीबाबांनी काही सांगितलेलं नाही.

अकरावे व्यवस्थापक म्हणजे डेरेक मोंतेहानो. वय चौतीस, दात फार सुंदर. डॅलसच्या कंपनीनं आमचं चॅनेल घेतलं आणि हे त्याबरोबर आले. शिकलेला माणूस म्हणून आम्ही त्यांना लिसेन्सियादो म्हणतो. आडनाव आमचं, रंग आमचा, पण स्पॅनिश आजीच्या स्वयंपाकघरात जेवढं कानावर पडलं तेवढंच: ये, बस, जेव, मार खाशील. एवढ्यावर स्पॅनिश चॅनेल चालवायचं म्हणजे धाडसच. ते सगळ्याला मान डोलवायचे आणि "सुंदर, खूप सुंदर" म्हणायचे. सफाईवाली म्हणाली, "संडास तुंबलाय," तेव्हाही म्हणाले होते.

"दोन्या एर्लिंदा," ते मला इंग्रजीत म्हणाले (दोन्या म्हणजे बाईसाहेब, पुरुषाला दॉन), "चार पानं हवीत. संस्थापकांचं स्वप्न, समाजाची सेवा, असं सगळं. स्पॅनिशमध्ये. मनापासून लिहा."

"जे घडलं ते लिहू?"

"अर्थातच. आपलीच कहाणी आहे."

"सगळं?"

"सगळं," ते फोनकडे बघत म्हणाले.

मग मी लिहिलं.

संस्थापक श्री. हार्लन टटल पाण्याचे पंप विकत. चॅनेल त्यांना हवं होतं ते बोलिंगच्या, म्हणजे चेंडू घरंगळवून लाकडी बाटल्या पाडायच्या खेळाच्या, स्पर्धा दाखवायला. मनोरा त्यांनी टेकडीच्या मागे उभारला, कारण तिथली जमीन त्यांची होती. टेकडीच्या पुढे बँका, बंगले आणि बोलिंग खेळणारी माणसं. मागे संत्र्यांची पॅकिंग शेडं, द्राक्षमळे आणि आम्ही. चित्र काही टेकडी ओलांडेना.

"मग दिसतं तरी कुणाला?" साहेबांनी इंजिनिअरला विचारलं.

"मेक्सिकन लोकांना, साहेब."

"त्यांना बोलिंग आवडतं का?"

"मनोरा हलवण्यापेक्षा भाषा हलवणं स्वस्त पडेल, साहेब."

आठवड्याभरात चॅनेल स्पॅनिश झालं. पुढे यालाच संस्थापकांचं स्वप्न म्हणू लागले.

स्टुडिओ पंपांच्या गोदामात होता. मागे लावायला पडदा नव्हता. आर्सिनिएगांच्या अंत्यविधीगृहानं जांभळा मखमली पडदा दिला, अट एकच: रोज दुपारी कोण वारलं ते वाचून दाखवायचं. पडदा टांगायला त्यांचा शववाहिनीचा ड्रायव्हर आला, प्लुतार्को सेंदेहास. बातम्या वाचायला ठरवलेला माणूस त्या दिवशी आलाच नाही. गोदामात काळा सूट अंगात असलेला माणूस एकच होता. त्याला खुर्चीत बसवलं. तो अडतीस वर्षं उठला नाही.

दॉन प्लुतार्कोंचा आवाज काही गोड नाही. खवट कॉफीसारखा आहे. पण बारा वाजले की शेडमधले संत्री वाहणारे सरकते पट्टे थांबत, बायका हातमोजे काढत, तोर्तियांच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, पुड्या उघडत आणि भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत. कारण दॉन प्लुतार्को नुसतं नाव वाचत नसत. सगळी नावं वाचत.

आमच्या खोऱ्यात माणूस ज्या कागदावर काम मिळेल त्या कागदाचं नाव घेतो. संत्र्यात एक, द्राक्षात दुसरं, आईनं ठेवलेलं तिसरं, आणि मित्रांनी ठेवलेलं चौथं, जे सगळ्यात खरं. तुमच्या शेजारी उभं राहून वीस वर्षं संत्री निवडलेल्या बाईचं खरं नाव कधीकधी तिच्या थडग्यावरच पहिल्यांदा वाचायला मिळतं. म्हणून दॉन प्लुतार्को घरच्यांना फोन करत. "सगळी नावं सांग, पोरी. मेल्यावर कुणी कागद मागत नाही." मग दुपारी वाचत: "अनास्तासियो रेंदोन, मिचोआकानातल्या ला उएर्ताचा. संत्र्यांच्या शेडमध्ये याला रामिरो म्हणत, मोठ्या मळ्यात होसुए, आणि दोस्तांमध्ये लांबमान्या. जपमाळ आज सात वाजता. पाव कुणीतरी आणा, कॉफी घरचे करतील."

आणि "अरे, लांबमान्या गेला!" असं चार शेडांत एकदम ऐकू येई. संध्याकाळी चर्चमध्ये बसायला जागा नसे.

डॅलसच्या कंपनीनं पहिल्यांदा बातम्या बंद केल्या. आता आमच्या बातम्या सान आंतोनियोहून येतात, हजार मैलांवरून. उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणतात. इथे धुक्यानं हाताला हात दिसत नसतो आणि तिथली लाल ओठांची मुलगी सांगते, उद्या छान ऊन आहे, मुलांना बागेत न्या.

मग लिसेन्सियादोंनी दुपारच्या बाराला हात घातला. त्या जागी आता पोट कमी करायचा पट्टा विकतात. जेवायला बसलेल्या बायकांना तो रोज अर्धा तास दाखवतात.

"आणि वारलेली माणसं?" मी विचारलं होतं.

"मोबाइलवर! जास्त आधुनिक आहे. फोटो, कायदेशीर नाव, तारीख. बोट लावलं की मेणबत्तीसुद्धा पेटते."

"एकच नाव?"

"माणसाला नावं किती असतात, दोन्या?"

मी व्रत पाळलं.

दॉन प्लुतार्कोंना चॅनेलचं चिन्ह असलेला एक कप देऊन घरी पाठवलं. ते माझ्या टेबलापाशी थांबले. "एर्लिंदा, मी मेलो तर पट्ट्याच्या आधी सांगतील की नंतर?" म्हणाले आणि गेले.

पुढच्या फेब्रुवारीत माझी कोमाद्रे अम्पारो गेली. तिच्या धाकट्याला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलं होतं. त्या नात्यानं आम्ही तीस वर्षं एकमेकींच्या स्वयंपाकातल्या मिठाला नावं ठेवली. शेडमध्ये ती एकोणीस वर्षं रोसाल्बा होती. मोबाइलवर तिचं कायदेशीर नाव आलं, तारीख आली, मेणबत्ती आली. पुरायला सात माणसं. त्यांत एक पाद्री आणि एक खड्डा खणणारा.

पंधरा दिवसांनी बाजारात शेडमधली चोले भेटली. चोले म्हणजे संत्र्यांच्या पट्ट्यावर अम्पारोच्या उजव्या हाताला उभी राहणारी.

"काय गं, रोसाल्बा गावी गेली का? सांगून जायला काय झालं होतं? माझा डबा आहे तिच्याकडे."

मी सांगितलं. चोलेनं मिरच्यांची पिशवी खाली ठेवली.

"आणि मी पंधरा दिवस तिला शिव्या घालतेय," ती म्हणाली. "रोज. सगळ्यांसमोर."

हे सगळं मी तिसऱ्या पानावर लिहिलं. त्याखाली असंही लिहिलं: "गेल्या चौदा महिन्यांत या चॅनेलनं या खोऱ्यातल्या लोकांसाठी स्वतः केलेले कार्यक्रम: एकही नाही." मोजून लिहिलं. मोजायला वेळ लागला नाही.

चार पानं घेऊन मी लिसेन्सियादोंच्या खोलीत गेले. "वाचून दाखवते."

"कशाला? माझा विश्वास आहे."

"नाही, नंतर तक्रार नको."

मी सावकाश वाचलं. ते मान डोलवत होते. टटलसाहेबांच्या पंपांपाशी हसले. पंपाचा शब्द ओळखीचा असावा. तिसऱ्या पानाशी मी थांबले. "हे पान परत वाचते, लिसेन्सियादो. हे पान जरा कडू आहे." परत वाचलं. त्यांचे डोळे पाणावल्यासारखे दिसले. जांभई आवरली होती.

"दोन्या एर्लिंदा," ते आपल्या स्पॅनिशमध्ये म्हणाले, "इतिहास खूप सुंदर आहेत. मी रडला."

"मग छापू?"

"दोन हजार!"

स्पॅनिश येत नाही असं म्हणायला पाच सेकंद लागले असते. पण लाज फार महाग असते. ती वाचवायला माणूस दोन हजार प्रती छापतो.

सोहळा चॅनेलच्या वाहनतळावर झाला. पाद्रीबाबांची मिसा झाली, मग मक्याच्या पानांत उकडलेले तामाले, मग कढईतलं डुकराचं मटण. खुर्चीखुर्चीवर पुस्तिका ठेवली होती. आमच्याकडे ज्याला वाचता येतं तो ज्याला येत नाही त्याला वाचून दाखवतो, आणि हळू वाचण्याची पद्धत नाही. आधी टेकडी आणि बोलिंगवर हशा झाला. मग मधूनच कुणीतरी ओरडलं, "पान तीन! पान तीन काढा!" चोले खुर्चीवर उभी राहिली आणि तिनं पान तीन मोठ्यांदा वाचलं. अम्पारोपाशी शेडमधल्या बायकांनी छातीवर क्रूस काढला. "एकही नाही"पाशी टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या थांबेनात.

लिसेन्सियादो मंचावर होते. त्यांनी छातीवर हात ठेवून दोनदा वाकून नमस्कार केला.

"वाका, वाका!" मागून एक म्हातारा म्हणाला. "पट्टा बांधलाय का बघू!"

तेवढ्यावर निभावलं असतं. पण लिसेन्सियादोंनी माइक घेतला आणि पाठ केलेल्या स्पॅनिशमध्ये जाहीर केलं: "मित्रहो, हा आपला इतिहास वॉशिंग्टनला गेलेला आहेत. परवाना नवीन करायच्या अर्जासोबत. आपण समाजाची काय सेवा करते, त्याचा पुरावा!"

क्षणभर तामाले सोलण्याचा आवाजसुद्धा थांबला. मग जो हशा पिकला, तसा आमच्या चॅनेलच्या विनोदी कार्यक्रमाला चाळीस वर्षांत एकदाही पिकला नव्हता. दॉन प्लुतार्को शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनी टोपी काढली आणि तोंडावर धरली. हात दाखवून अवलक्षण करणारे पुष्कळ पाहिले. टपालाचा खर्च करून करणारा हा पहिलाच.

सहा आठवड्यांनी वॉशिंग्टनहून पत्र आलं. तिथे स्पॅनिश वाचणारी माणसं आहेत. पत्रात सभ्य भाषेत विचारलं होतं, की आपणच छापलेल्या इतिहासाच्या तिसऱ्या पानावर आपण स्थानिक लोकांसाठी काहीही करत नाही असं म्हटलं आहे, ते खरं आहे काय? असल्यास खुलासा करावा. डॅलसहून फोन आला. त्या दिवशी दार बंद असूनही डॅलसचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता.

मग लिसेन्सियादो बाहेर आले. पुस्तिका माझ्यापुढे ठेवली. दात दिसत नव्हते.

"वाचा. इंग्रजीत."

माझं इंग्रजी बसच्या पाट्यांवर शिकलेलं. वेळ लागला. तिसऱ्या पानाला जास्त लागला.

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"दोनदा वाचून दाखवलं, लिसेन्सियादो. तुम्ही रडलात."

त्यांचे कान लाल झाले होते.

"डॅलस म्हणतं, स्थानिक काहीतरी पुन्हा सुरू करा. सोमवारपासून. सगळ्यात स्वस्त काय?"

"मेलेली माणसं," मी म्हणाले. "मानधन मागत नाहीत."

"किती मिनिटांचं होईल?"

"जेवढी मेली असतील तेवढ्यांचं."

"सरासरी सांगा, दोन्या. वेळापत्रक करायचंय."

"थंडीत जास्त मरतात."

त्यांनी ते खरंच लिहून घेतलं.

सोमवारी दॉन प्लुतार्को काळा सूट घालून आले. कमरेत तो सैल झाला होता. जांभळा पडदा कधीच कुणीतरी नेला होता, म्हणून त्यांना पट्ट्याच्या जाहिरातीतल्या चकचकीत निळ्या भिंतीपुढे बसवलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि कागद उलगडला. सोळा महिन्यांची थकबाकी होती. एकशे बारा माणसं. लिसेन्सियादो काचेमागून दोन बोटं दाखवत होते, दोन मिनिटं म्हणून. दॉन प्लुतार्कोंनी चष्मा पुसला.

"आधी माफी," ते म्हणाले. "तुम्हाला कळवायला उशीर झाला, तो यांच्याकडून झालेला नाही. हे वेळेवर मेले." आणि मग: "अम्पारो बेहार, हालिस्कोतल्या तेओकुइतातलानची. संत्र्यांच्या शेडमध्ये एकोणीस वर्षं हिला रोसाल्बा म्हणत. घरी लाडानं पारिस. नव्यानं जपमाळ आज सात वाजता, सान इसिद्रोच्या हॉलमध्ये. पाव आणा."

एकशे बारा नावं वाचायला पन्नास मिनिटं लागली. पट्टा त्या दिवशी कुणाला दिसला नाही.

सात वाजता मी हॉल उघडायला गेले, तर बाहेर रांग होती. शेड सुटल्यावर बायका तशाच आल्या होत्या, केसांच्या जाळ्या डोक्यावर, हातांना संत्र्यांच्या सालीचा वास. एवढा पाव आला की ठेवायला टेबलं पुरेनात. पुढे अम्पारोचा फोटो ठेवला होता. एक उंच बाई जवळ जाऊन वाकून बघत राहिली.

"हिचं नाव अम्पारो होतं होय! आणि मी एकोणीस वर्षं रोसाल्बा, रोसाल्बा करतेय. सांगितलं असतं तर नावानं हाक मारली नसती का?"

"हो ना," चोले म्हणाली. "मुकादमासमोर मारली असतीस. मग बसली असती बिचारी सीमेपलीकडे, तुझ्या हाकेची वाट बघत."

बायका हसल्या. काही जणी हसता हसता रुमाल शोधू लागल्या. उंच बाई म्हणाली, "मग आता जपात कुठलं नाव घ्यायचं?"

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी माळ हातात घेतली.

"दोन्ही घ्या," मी म्हणाले. "बसा आता. चोले, तू पुढे ये, तुझा आवाज मोठा आहे. आणि आधी त्या शिव्यांबद्दल तिची माफी माग."

"मागितली," चोले म्हणाली. "डबा मात्र मला परत हवा आहे."