बारावा थेंब

आठव्या थेंबाला कुपीतलं निळं पाणी पिवळं व्हायला हवं होतं. अण्णांनी अकरावा सोडला, कुपी हलवून उजेडाकडे धरली, तेव्हा कुठे रंग पालटला. जितके थेंब जास्त, तितके टाकीच्या पाण्यात क्षार जास्त.

"सूनबाई!"

ती ओले हात पुसत आली.

"टाकीत सोड्याचं पाणी कोणी ओतलं?"

"मी कशाला हात लावू? तुम्हीच परवा म्हणालात ना, क्षार वाढलेत, आता थेंबभरही नको."

म्हणाले होते खरे. चाळीस वर्षं त्यांनी औषधाच्या दुकानात मिश्रणं बनवली. कोणाच्या जिवावर कधी बेतलं नाही. निवृत्तीनंतर बैठकीत ही खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. प्रवाळ पाण्यातले क्षार घेऊन वाढतात, म्हणून रोज मोजून वीस मिली सोड्याचं द्रावण. कमी पडलं तर वाढ खुंटते, जास्त झालं तर टोकं जळतात. जांभळ्या प्रवाळाची टोकं आज पांढरीफटक पडली होती.

अण्णांनी बाटलीवर द्रावणाच्या पातळीला पेनाने रेघ मारली, ती आपल्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. सून दारातून बघत होती. तिची नजर त्यांना खटकली. चोराच्या मनात चांदणं, असं काहीसं पुटपुटत ते वळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तपासणी. या वेळी रंग पालटायला बारावा थेंब लागला.

अण्णांनी कपाट उघडलं. कुलूप शाबूत, आणि द्रावण रेघेच्या दोन बोटं खाली. हिने उघडलं कसं? खिसा चाचपला. किल्ली तर तिथेच होती; झोपतानाही ती त्यांनी उशीखाली घेतली होती. बाटलीशेजारी मापाचा प्याला पालथा होता. उचलला तर आतून ओला.

मग त्यांना स्वतःची बाही दिसली. उजव्या मनगटाशी सोड्याची पांढरी पापडी वाळली होती.

ते पलंगावर टेकले. गॅस, रक्तदाबाच्या गोळ्या, मागचं दार... जे आठवत नाही ते किती असेल?

सून चहा घेऊन आली. तिने बाटली पाहिली, बाही पाहिली. चेहऱ्यावर नवल उमटलं नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"काल सकाळी ओतताना पाहिलं. गुणगुणत होतात. मला हटकवलं नाही, अण्णा."

त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"मी मागेन. ओरडेनसुद्धा. द्यायची नाही."

"नाही देणार."

चहा निवून गेला. नातीची शाळा सुटायची वेळ झाली. तिला आणायला रोज अण्णाच जात. सवयीने त्यांनी चपला पायात सरकवल्या, दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले.

"तूही चल," मागे न बघता ते म्हणाले.