एकेचाळीस फळ्या

पुस्तिका गुळगुळीत कागदावर छापली होती आणि पहिल्याच पानावर धडधडीत खोटं होतं. 'ऐंशी वर्षांची शर्यतीची बोट. एकही फळी बदललेली नाही.' मिस्त्रीने ते दोनदा वाचलं आणि त्याचं डोकंच फिरलं.

पुढे मालकांचे फोटो होते. पहिला कारखानदार, त्याने ती बांधून घेतली. दुसरा वकील, त्याला बोट लागायची, म्हणून तो धक्क्यावरूनच मिरवायचा. मग मोठे साहेब, आणि आता त्यांचा मुलगा, जो ती विकायला निघाला होता. प्रत्येकाने आल्या आल्या बोटीचं नाव बदललं. वकिलाच्या काळापासून तिला तरंगत ठेवणारा मिस्त्री मात्र एकाही पानावर नव्हता. एवढी वर्षं त्याने काय माश्या मारल्या?

"मिस्त्री, इथे सही करा," धाकटे साहेब एक कागद पुढे करत हळूच म्हणाले. "सगळं मूळचं लाकूड आहे म्हटलं तरच त्या बाई घेणार आहेत."

"एकेचाळीस फळ्या बदलल्यात मी."

"कोण बघायला जातंय? एका सहीने तुमचं काय जातंय?"

काय जातंय! मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तडक खाली केबिनमध्ये उतरला आणि बोट बघत फिरणाऱ्या बाईंच्या देखत स्क्रू काढून भिंतीचं अस्तर उघडायला लागला. धाकटे साहेब "अहो, अहो" करत मागोमाग धावले.

फळी बसवण्याआधी तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहायची, ही मिस्त्रीची जुनी सवय. अस्तर निघालं तशा तारखा दिसू लागल्या. बाई वाकून एकेक वाचत गेल्या. एका फळीवर तारखेखाली आणखी एक ओळ होती.

"'आज पहाटे ही गेली,'" त्यांनी वाचलं. "ही म्हणजे?"

"माझी बायको."

धाकट्या साहेबांचा चेहरा उतरला. "बाबांना माहीत नसणार," ते पुटपुटले.

"मी स्वतः सांगितलं त्यांना. म्हणाले, उद्या शर्यत आहे, आधी फळी बसव. बसवली. जिंकले ते. चषक घेतलेला फोटो छापलाय ना तुम्ही? नववं पान बघा. आणि ही फळी बसवलीच नाही असं मी लिहून देऊ?"

मिस्त्रीने सही न करताच तो कागद साहेबांच्या हातात कोंबला, स्क्रू होते तिथेच सोडले आणि शिडी चढून वर गेला. उघडलेलं काम तसंच टाकून निघायची त्याची ही पहिलीच वेळ होती.